तीन सेकंद उरले असताना

...आणि वर मलाच विचारतात, "दानीएल सर, काय गरज होती?" गरज! अहो, पंचाला शिट्टी का वाजवली म्हणून विचारायचं? मग डॉक्टरलाही विचारा, ताप का मोजला म्हणून! हात लागला, शिट्टी वाजली, विषय संपला. पहिल्या मिनिटाला लागला तरी फाऊल, शेवटच्या सेकंदाला लागला तरी फाऊल. फाऊल म्हणजे फाऊल! आम्ही देवळाली प्रवराची ख्रिस्ती माणसं, दहा आज्ञा लहानपणीच पाठ झालेल्या. ही अकरावी मी बी.पी.एड. करताना स्वतःच्या खर्चानं वाढवली.

पण आमचे हनुमंत सर! तीस वर्षं बास्केटबॉलचे पंच. ज्या मैदानावर त्यांनी शिव्या खाल्ल्या नाहीत असं मैदान जिल्ह्यात नाही. परवा शाळकरी मुलींची जिल्हा फायनल, ते मुख्य पंच, मी दुसरा. सामन्याआधी मला कोपऱ्यात घेतात, तंबाखू मळतात आणि काय म्हणतात? "हे बघ दान्या, शेवटच्या मिनिटात शिट्टी तोंडात धरायची, फुंकायची न्हाई. पोरींनीच जिंकावं, पोरींनीच हरावं. आपन मधी पडायचं न्हाई." म्हटलं, "सर, आणि कुणी कुणाला पाडलं तर?" "पाडलं तर वाजव की. नुसतं शिवलं, तर आपल्या डोळ्यात कचरा गेला हुता."

कचरा! पुस्तकात कितव्या पानावर आहे हो हा कचरा? मी तिथल्या तिथं भाषण ठोकलं. म्हटलं, सर, देश इथूनच सडायला लागतो! एकोणचाळीस मिनिटं एक कायदा आणि चाळिसाव्याला दुसरा? मग परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांत कॉपी चालेल का? फाऊल म्हणजे फाऊल! सर शांतपणे म्हणाले, "व्हय व्हय. पानी पी."

बरं, सामना कुणाचा? एकीकडं नगरची मोठी शाळा. बूट असे की वळताना चुंई चुंई वाजतात! दुसरीकडं खर्ड्याच्या पोरी. ह्यांच्या शाळेत रिंग एकच, तीही गावातल्या वेल्डिंगवाल्यानं ट्रॅक्टरची कामं बाजूला ठेवून केलेली, आणि सरावाला पंच म्हणून कुणी नाहीच! म्हणून त्यांच्या कानिफनाथ सरांनी रीत घालून दिली: जिचा हात लागेल तिनं स्वतःच हात वर करायचा, खेळ थांबवायचा. भांडण नाही, तंटा नाही. मी हे ऐकलं आणि असा भारावलो, असा भारावलो... म्हटलं, देश असा पाहिजे!

त्यांची कॅप्टन आरती. नववीतली. काटकुळी, पण उडी मारली की खाली यायचं विसरते. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. कानिफनाथ सर आमच्या हनुमंत सरांना हळूच सांगत होते, "जिंकलो तर पुन्याला विभागीय खेळायचं. तितं क्रीडा वसतिगृहवाले पोरी निवडायला येत्यात. आरती त्यांना दिसली की घेतलीच समजा, राहनं, खानं, शाळा, समदं तितंच. हरलो तर दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतोय दारात, औंदा तिलाबी फडात न्यायचं ठरलंय." हे मला सांगत नव्हते, मी फक्त शेजारी उभा होतो. मी काय केलं? दोन पावलं लांब सरकलो! पंचानं असलं ऐकायचंच नसतं.

आणि सामना येऊन थांबला कुठं? खर्डा एक्केचाळीस, नगर चाळीस, उरले तीन सेकंद! नगरची उंच पोर उडाली, बॉल सोडणार, एवढ्यात आरती खालून अशी वर गेली आणि बॉलवर फाडकन हात! बॉल तिकडं घरंगळत चालला. हनुमंत सर कुठं बघतायत? आभाळात! कावळे मोजतायत!

आणि मला दिसलं का? खरं सांगतो... बोटं मनगटाला लागल्यासारखी वाटली. लागल्यासारखी! छाती फुगलेली, शिट्टी दातात, आणि फाऊल म्हणजे फाऊल म्हणणारा हा दानीएल आयुष्यात पहिल्यांदा थबकला. डोळ्यांपुढं तो ट्रॅक्टर आला हो... म्हटलं, जाऊ दे, कचरा गेला समज.

तर आरतीनं हात वर केला.

सवय हो! नुसती सवय! खर्ड्याच्या मैदानावर रोज करते तसा, सरळ, ताठ. तिच्या पोरी किंचाळतायत, "आरते, हात खाली घे, येडे! हितं पंच हायेत!" हे सगळं तीन सेकंदांत बरं का, मला सांगायलाच इतका वेळ लागतोय. तिनं दचकून हात अर्धा खाली घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. आता पोरगी स्वतः कबूल करतेय आणि पंच गप्प? मी वाजवली. अशी वाजवली की झाडावरचे कावळे उडाले, सरांची मोजणी राहिली अर्धवट.

दोन फ्री थ्रो. दोन्ही आत. एक्केचाळीस, बेचाळीस. भोंगा.

हनुमंत सर एवढंच म्हणाले, "दान्या, तुझं काय चुकलं न्हाई. तेच वंगाळ हाय." आरती हात मिळवायला आली, रीतसर. म्हणाली, "सर, लागला हुता हात." मला धीर देत होती ती! चौदा वर्षांची पोर, मला!

फाटकापाशी तिची आई उभी. लंकाबाई. लेकीचा सामना पहिल्यांदाच बघायला टेम्पोनं आलेली. मी तयारीनंच गेलो, "मावशी, तुमच्या मुलीनं आज जो प्रामाणिकपणा दाखवला ना, खेळाच्या दृष्टीनं..." बाईनं सगळं ऐकून घेतलं. शिवी नाही, शाप नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "सर, तुमची शिट्टी लई लांब जाती. आमच्या टोळीला पहाटं फडात जायला उठवाया असाच मानूस लागतोय. मुकादमाला इचारू का?"

चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, चेहऱ्यावरून काही कळेना. मागं आरती बूट काढून पिशवीत भरत होती. शाळेचे होते, परत द्यायचे होते.

मी म्हटलं, "विचारा."