तीस पातेली

पापाच्या तिकटीजवळ भांड्यांच्या दुकानात अमीरबी मोडीत घालायची जुनी हंडी काखेत धरून आपल्या नंबराची वाट बघत होती. तिच्या पुढं शाळेतले इंगवले सर आणि सरनोबत बाई शिबिराची भांडी निवडत होते. दोघांचा आवाज चढलेला.

"ही डेग घ्या, बाई. साठ जणांचा भात हुतोय."

"सर, मसाई पठारावर ही डेग न्यायची कुणी?"

"बारा पोरी हायत की."

"आणि रांधायचं कुणी?"

"ह्ये काय इचारणं झालं? पोरींनीच."

"मग त्यांनी पठार कधी बघायचं? तंबू ठोकायला कधी शिकायचं?"

"त्यास्नी तंबू कशाला? भाकरी थापल्या की झालं शिबीर."

"झालं? आईबापांच्या हातापाया पडून या पोरी घराबाहेर काढल्यात मी. चुली फुंकायला न्हाय!"

"हळू बोला. बाजार हाय ह्यो."

"ऐकू दे बाजाराला!"

"तुमचं नावच काढतो शिबिरातनं."

"काढा. पोरींच्या घरोघरी मी गेलते, तुम्ही न्हाय. माझ्याबिगर एक पोरगी येते का बघा."

सरांनी डेगेवरचा हात काढून घेतला. दुकानदारानं दोघांकडं बघितलं.

"मग डेग बांधू का नको?"

"नको," बाई म्हणाल्या. "ती जर्मनची हलकी, लहान पातेली काढा. तीस."

"तीस?"

"दोघांत एक. पोरांनीबी आपापला भात आपणच शिजवायचा. कच्चा राहिला तर कच्चा खायाचा!"

अमीरबीनं हंडी खाली ठेवली आणि फळीवरची पातेली काढून बाईंच्या पुढं मांडायला लागली.