क्लच कडक झालाय, हात नाही

‘टुक्!’... बस, एवढाच आवाज. तुम्हाला सांगतो, क्लच पुरता दाबला गेला की आमच्या बुलेटच्या पोटातून हा आवाज यायचा. लग्नानंतर प्रमिलाला पहिल्यांदा मागे बसवलं, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी क्लच दाबला आणि... टुक्! तो अजून कानात आहे. आणि आता? दांडा दाबतोय, दात दाबतोय, डोळे दाबतोय, आवाज नाही म्हणजे नाही! दांडा अर्ध्यावर येतो आणि रुसलेल्या व्याह्यासारखा तिथंच अडून बसतो. बरं, लोक काय म्हणतात? म्हणतात, तुळशीराम, तुजा हात गेला. अहो, क्लच कडक झालाय, हात नाही!

मी तसा कमी बोलणारा माणूस. शाळेत फार गेलो नाही, वडलांबरोबर मिठागरावर गेलो, आणि मीठ ओढताना बोलायला तोंड उघडलं की तोंडात मीठच जातं, म्हणून ती सवय लागली नाही. आता मिठागरं गेली, तिथं करंजाड्याचे टॉवर उभे राहिले, पण सवय तशीच. आज मात्र बोलणार. आज ऐकाच.

झालं काय, पळस्प्याच्या नाक्यावर सिग्नल लागला. प्रमिला मागे, तिला तिच्या बहिणीकडे न्यायची होती. मी क्लच दाबला, तो आला अर्धा, गाडी गिअरात, आणि गाडीनं मारली उडी! जाऊन टेकली पुढच्या टेम्पोच्या फळीला. फार काही नाही हो, फळीला जरा रंग लागला. पण मागून भोंगे, पुढून तो टेम्पोवाला उतरला, “चाचा, घर पे बैठो ना! ये उमर है क्या?” आणि प्रमिला? तिला काही पत्ताच नाही, तिचं मागे चालूच, “...आनी सुनेनं त्या भाजीत खोबरं टाकलं नाय, मी बोलले काय? मी नाय बोलले...”

ते पण तुम्हाला सांगायला पाहिजे. प्रमिला माझ्याशी भांडते ती फक्त गाडीवर. घरात सून आहे, नातवंडं आहेत, मोठ्यानं बोलायची सोय नाही. गाडीवर बसली की पदर खोचते आणि सुरू! इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, हे तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण उतरताना तिचा चेहरा कसा हलका झालेला असतो... तो संसार आमचा त्या सीटवर झाला हो. खोलीत कमी, सीटवर जास्त.

तर ती टेम्पोची बातमी आमच्या आधी घरी पोचली. भरत, माझा मुलगा, अंगणात कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, “बाबा, आता बास झाला. गाडी देऊन टाकू.” कोणाला? तर कृष्णकांतला. हा त्याचा मित्र, त्यानं हॉटेल काढलंय. तो म्हणतो, “काका, तुमची गाडी एकदम व्हिंटेज पीस आहे! दारातच काचेच्या मागे ठेवतो, वरून पिवळा लाइट सोडतो, लोक सेल्फी काढतील!” म्हटलं, आणि चालवणार कोण? तर हसला. “चालवायची कशाला काका?” घ्या! उद्या मला पण ठेवा काचेमागे, वरून लाइट सोडा!

मी म्हटलं, भरत, क्लच कडक झालाय, हात नाही. तो म्हणाला, “बरं, मग ठरला. दोष गाडीत निंगाला तर दुरुस्त करू, गाडी तुमची. दोष हातात निंगाला तर गाडी कृष्णकांतची. कबूल?” मी म्हटलं, कबूल! कशाला म्हटलं...

मग सुरू झाली तपासणी. गाडीची नाही हो, माझी! करंजाड्यात ती हेतल आहे, सांधे-बोटं बघणारी, तिच्याकडे नेलं. गोड मुलगी. एक यंत्र हातात दिलं, “अंकल, फुल फोर्सने दाबा.” दाबलं. “अंकल, दाबा ना.” अहो दाबलंय! तिनं काट्याकडे बघितलं, भरतकडे बघितलं, आणि मला एक रबराचा चेंडू दिला. या वयात चेंडू! रोज दाबा म्हणाली. मी दाबतो, कुत्रं समोर येऊन बसतं, त्याला वाटतं आता टाकेल, मग टाकेल...

इकडे गावात ज्याला त्याला रोग माहीत. ओट्यावर बसून सगळे इलाज सांगतात. एक म्हणतो प्लेटा जळल्या, एक म्हणतो स्प्रिंगा ताठल्या, एक म्हणतो ऑइल जाड भरलंय. आणि आमचा शेजारी, जन्मात सायकलच्या पुढे गेला नाही, तो म्हणतो, “तुमी ती गादी बदला!” आता गादीचा आणि क्लचचा काय संबंध? तर म्हणे, “बसायला बरी असली का हाताला जोर येतो.”

शेवटी विठूला बोलावलं. विठू जुन्या गाड्यांचा मिस्त्री, तोंडात कायम सुपारी. त्यानं कोणाचं ऐकलं नाही, की इंजिन उघडलं नाही. आधी केबल दांड्यातून सोडवली आणि नुसता दांडा हलवला. कुरकुरला. मग केबलचं खालचं टोक सोडवलं आणि खाली इंजिनाकडचा क्लचचा लोखंडी हात दाबून बघितला. “हितं काय नाय, प्लेटा बऱ्या हायेत.” मग केबल हातात धरून आतली तार वरून ओढली. आली नाही! खालून ओढली. नाही! पकडीनं केबलचं तोंड कापलं, आणि आतून काय निघालं सांगा? लालपिवळा चिखल! विठूनं वास घेतला, सुपारी थुंकली आणि म्हणाला, “काका, केबलमदी लोक तेल घालतात. तुमी देव घातलाय!”

हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी! दसरा आला की प्रमिला गाडीची पूजा करणार. लांब जाऊन आलो की करणार, नवं टायर टाकलं की करणार. आणि कुंकू लावणार कुठं? सगळी बायामाणसं पुढच्या दिव्याला लावतात, ही क्लचच्या दांड्याला, अगदी मुळाशी, जिथून केबल आत जाते तिथं बोट खुपसून. “तुमचा हात जिथं लागतो तिथं देव पायजे.” वर नारळ फोडला की पाणी तिथंच शिंपडणार. इतके दसरे झाले, ते सगळे त्या केबलमध्ये जाऊन बसले, गोड पाण्यानं चिकटले, गंजले!

तुम्हाला काय सांगू, मला नाचावंसं वाटलं. रागवायचं कुठलं! त्या बाईनं माझा हात सांभाळायला देव घातला आणि त्या देवानं क्लच धरून ठेवला, मी कोणावर रागवू? मी गल्लीत जाऊन ओरडलो, मी, कमी बोलणारा माणूस! क्लच कडक झाला होता, हात नाही! ऐकलं का रे? हात नाही!

विठूनं नवी केबल घातली, दांड्याला तेल सोडलं, दाबून बघितला. “काका, लोणी झाला लोणी!” म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला तसा ओरडतच बाहेर पडला. अंगणात मी एकटा. म्हटलं, आता आपण ऐकू. हात ठेवला, दाबला...

अर्धा.

पुन्हा दाबला. अर्धा. म्हटलं, नवी केबल आहे, सरावेल. नवी सून नाही का, आधी जरा बुजते...

तेवढ्यात भरत आला, बरोबर कृष्णकांत. आणि घरातून प्रमिला, हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि नारळ! केबल नवी ना, मग पूजा नको? भरत म्हणाला, “बाबा, विठू बोलला गाडी झाली. दाबा बगू.” दाबला. सगळं अंग त्या बोटांत आणलं. कृष्णकांत माझ्या बोटांकडे बघत होता, आणि भरत दुसरीकडे बघत होता. मी म्हटलं, अजून जरा कडक आहे.

भरत म्हणाला, “आई, तू दाब.”

ती म्हणाली, “मी? मला काय कळतं?” पण ताट एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं, बांगड्या मागे सारून, जसा सुनेला पिठाचा गोळा मळून दाखवावा तसा तो दांडा सहज दाबला.

टुक्!

तोच हो. तोच आवाज. इतक्या वर्षांनी ऐकला आणि... ऐकायचा नव्हता हो मला.

भरत म्हणाला, “आई, सांग. कडक हाय का मऊ?” आता तुम्हाला सांगतो, ही बाई जन्मात खोटं बोलली नाही, त्यापायी तिनं सख्ख्या नणंदेशी अबोला धरलाय. मी तिच्याकडे बघितलं. एकदा म्हण, म्हटलं मनात, एकदाच, कडक हाय म्हण... तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. दांड्याच्या मुळाशी कुंकू लावायला बोट पुढं नेलं, ते मागे घेतलं, आणि माझ्या बोटांना लागलेलं काळं तेल पदरानं पुसलं.

“आई, सांग ना!”

लग्न झाल्यापासून जी बाई मला चार गोष्टी सुनावल्याशिवाय या गाडीपासून कधी बाजूला झाली नाही, ती नारळ तसाच ताटात घेऊन, एक शब्द न बोलता घरात निघून गेली.