बेशुद्धाला पानी पाजायचं न्हाई

आमी मूळचे तासगावचे. वडील द्राक्षाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, मग मीबी तेच, शाळा दहावीत सुटली ती सुटलीच. टेम्पोवरनं अँब्युलन्सवर आलो ते निस्ता हात चांगला म्हनून, द्राक्षं काय आन पेशंट काय, दोनीलाबी हादरं चालत न्हाईत, मी आपला तेवढंच समजून चाललो व्हतो. गाडी नीट पोचवायची, पुढचं डाक्टर बघंल.

पन काय सांगू तुमाला, एकदा रस्त्यावर एक मोटारसायकलवाला पडलेला, गाडीवर मी एकलाच. मानूस बेशुद्ध, व्हट सुकलेलं. मी माजी बाटली काढली आन दोन घोट पानी घातलं त्याच्या तोंडात, मायेनंच घातलं, आपल्यात पानी पाजनं म्हनजे पुन्य. दवाखान्यात पोचंपतुर त्यो गेला. घरी येऊन मी सांगितलं, शेवटचं पानी माज्या हातचं लागलं त्याला.

मग आमच्या दवाखान्यातल्या डाक्टरीण बाईंनी एक दिवस माजा फोन मागून घेतला आन अँब्युलन्सवाल्यांसाठी शिकायचं धडं असत्यात ते लावून दिलं. म्हनल्या, फुकट हाय, गाडी उभी असंल तवा बघत जावा. मी म्हनलं, फुकट म्हनजे जाहिरात असंल कसली तरी. निम्मं इंग्रजीत, ते डोक्यावरनं जायचं, पन मराठीतबी व्हतं, आन चित्र तर कुनालाबी कळतंय. तिसऱ्या का चौथ्या धड्यात सांगितलं, बेशुद्ध मानसाला पानी पाजू नगा, ते फुप्फुसात जातं, श्वास अडकतो. मी फोन बंदच केला. दोन दिस हात लावला न्हाई, रातची झोपबी लागंना. बायकोला म्हनलं, सुनीता, मी मारला गं त्याला. तिनं फोन उचलून माज्या हातात दिला. मग म्हनली, त्यो कशानं गेला ते तुमाला ठावं न्हाई आन मलाबी न्हाई, पन आता जे कळलंय ते अर्धं सोडू नगा, लावा त्यो फोन.

मग सगळं बघितलं, एकेक धडा चारचारदा. सुनीताला चटईवर झोपवायचो, गुडघा वाकवायचा, हात गालाखाली, आन कुशीवर घ्यायचं. तिला गुदगुल्या व्हायच्या, म्हनायची, आवं आटपा, भाजी लागंल. एकदा भावजय दारात आली आन तशीच माघारी फिरली, आठ दिस आमच्याकडं बघंना.

गेल्या हंगामात बेदाण्याच्या शेडवरनं फोन आला. कामाची एक पोर, नव्या लग्नाची, फेफरं येऊन पडलेली, झटकं थांबलेलं पन शुद्ध न्हाई. सासू तांब्या घेऊन तिच्या तोंडाशी. मी तांब्या धरला, म्हनलं, मावशी, पानी नगं, जागी झाल्यावर तिच्या हातानं पिऊ दे. म्हनली, तुला काळीज हाय का न्हाई रं? भवतीनं पंधरा-वीस मानसं, सगळी तिच्या बाजूनं. तरीबी मी पोरीचा गुडघा वाकवला, हात गालाखाली घातला आन तिला कुशीवर घेतली. तोंडातला फेस भाईर आला, घरघर थांबली आन तिनं श्वास घेतला. दवाखाना येईपतुर सासू मला शिव्या देत व्हती. तिसऱ्या दिशी पोर चालत घरी गेली.

परवा परत त्याच शेडवर गेलो, एक म्हातारा गडी बेशुद्ध पडलेला. मी उतरतोय तर त्याला आधीच कुशीवर घेतलेला, हात गालाखाली, आन तीच सासू मानसांना मागं सारत म्हनत्या, कुनी पानी पाजलं तर हात मोडीन. तिच्याकडं फोन न्हाई, लिवता-वाचता येत न्हाई. मला म्हनली, बराबर घेतलाय का रं? मी म्हनलं, व्हय मावशी, बराबर. म्हातारा आता हिंडतोय.

त्या मोटारसायकलवाल्याचं मनातनं जायचं न्हाई, त्याचं नावबी मला ठावं न्हाई. देवापुढं हात जोडतो तवा त्याच्याबी पाया पडतो. पन आता झोप लागती, लय चांगली लागती.