वेलभूताचे पाय

सोलापूरच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या सुंदरम्माचा नंबर काही येत नव्हता; ती समोरच्यांचं बोलणं ऐकत बसली होती. समोर ऑपरेशनच्या बंद दारापुढं मंगळवेढ्याकडच्या एका आजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. नात बाकावर चित्र रंगवत होती.

"आज्जी, किती येरझाऱ्या घालतीस! हे बघ, गेममधलं वेलभूत."

"पाय कुटं हायेत त्याचे?"

"मुळ्याच पाय. तोडल्या तरी परत फुटत्यात."

"आपल्या रानात न्हाय बाई असलं. ज्वारी काढली की संपली."

"ती आपण मुळासकट उपटतो म्हणून. नुसती कापली तर फुटती की."

"व्हय, फुटती. गप बस आता."

"आज्जी, डॉक्टर पप्पांचा पाय उपटणार हायेत?"

"न्हाय गं. गुडघ्याखालनं कापणार हायेत."

"मग रडतीस कशाला?"