आजीची सहाण

गजाननाला वंदन करून सांगतो, मंडळी. नव्या पिढीला नेमके काय हवे असते, हे मला अजून उमगलेले नाही. नात मुक्ता लग्नानंतर पुण्याला निघाली, तेव्हा तिच्या आजीचे नाव घातलेली पितळी भांडी मी लखलखीत करून मांडली.

"आबा, यातलं काही नको हं मला."

मी चरकलो. हिला आजीची आठवणही नको?

"मग काय नेणार?"

"देवघरातली सहाण."

"अगं, खळगा पडलाय त्या दगडाला! वाईच्या बाजारातून नवी आणतो."

"नवीत आजीनं गंध उगाळून पाडलेला खळगा असेल का?"

मी सहाण धुऊन तिच्या हाती दिली. आता नव्या सहाणेवर मीच उगाळत बसतो. तुमच्याही घरोघरी प्रेमाच्या हातांनी एखादा दगड असाच झिजत राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.