आवाजानं काढलेला फोटो

तुमीच सांगा बायांनो, मला तर अजून उमगलं न्हाई. आमची नात प्राची ताथवड्याच्या कॉलेजात फोटो काढायचं शिकती. तिनं भरदुपारी पडदे ओढून खोली काळीकुट्ट केली आन पान्यानं भरलेला फुगा टांगला. म्हनली, "आजी, ही डबी चालू केली की बोलू नको. फुगा फुटल्याचा आवाज झाला की ती लख्खकन उजेड पाडती. तेवढ्यात उघड्या ठेवलेल्या क्यामेऱ्यात फोटो निघतो."

"आन बटन कोन दाबनार?"

"आवाजच दाबतो."

तिनं डबी चालू केली. फुगा शेवटचा, आधीचे सगळे वाया गेलेले, आन उद्या सरांना फोटो द्यायचा. सुई धरून पोरगी रडकुंडीला आलेली. मला वाटलं, नजर लागली हिला. अंधारात चाचपडत तिच्यापुढं गेले, तिच्या तोंडावरनं हात फिरवले आन माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

वीज पडल्यागत उजेड झाला! प्राची दचकली, सुई घुसली, डबी परत पेटायच्या आत फुगा अंधारातच फुटला आन माझं लुगडं भिजलं.

"आजी! बोटांच्या आवाजानं तुझाच फोटो निघाला! सरांना काय दाखवू आता?"

रडत रडत तिनं क्यामेरा बघितला आन एकदम हरखली. "हाच दाखवते! बघ, बोटं मोडतानाच हात कसे जागच्या जागी थांबलेत."

चष्मा लावून बघितलं. तोंड माझं, पाटल्या माझ्या. पन माझे हात तर सदा थरथरत्यात, च्याची बशी बी धरवत न्हाई.

म्हनलं, "प्राचे, हे हात कुनाचे लावलेस गं?"