जिलबीवाल्यासमोरची स्कूटर

नाही, पण स्कूटर केवढी? तुम्हीच सांगा, केवढी? अंगठ्याएवढी! अहो, नीट बघायची तर गुडघ्यावर बसावं लागतं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणावा लागतो, आणि तेवढ्याशा स्कूटरवरून नंदाखाल गावच्या दोन सख्ख्या भावांत असं वाजलं, असं वाजलं की माडावरचे कावळे उठून गेले! आणि विलासचा गुन्हा काय? तर जे दिसलं तेच केलं!

तुम्हाला सांगतो, विलास म्हणजे स्वस्थ बसणं ठाऊक नसलेला माणूस. नोकरी संपली तेव्हा बायको, उन्नती, बिचारी म्हणाली, "अहो, आता तरी जरा टेका." टेकतोय कसला! छोटी आगगाडी आणली आणि वाडीत केळींच्या बुंध्यांतून रूळ टाकले. बरं, गाडी धावणार, पण पोचणार कुठे? म्हणून स्टेशन केलं. स्टेशनाबाहेर बाजार नको? म्हणून शेजारच्या आगाशी गावाचा आख्खा बाजार करायला घेतला! मातीची कौलं, एकेक वेगळी, एकेक भाजलेली! पाववाल्याच्या दुकानाच्या फळीला मुंगीएवढी खिट्टी, आणि ती खिट्टी लागते हो! उन्नती म्हणाली, "खिट्टी कुणाला दिसणारे?" तर हा म्हणतो, "मला दिसली ना!" आता अशा माणसाशी काय बोलणार?

तर रविवारी उद्घाटन. शेजारचे रॉबर्ट आणि ॲंजेला आले, अर्धी आळी आली, थोरला भाऊ श्रीपत, म्हणजे दादा, फोडायला नारळ घेऊन आला. दादाला मान द्यायलाच हवा, कारण रुळांचं वर्तुळ पुरं होतं ते दादाच्या माडांमधून. तेवढा तुकडा नसेल तर गाडी जाते आणि थांबते... परत यायला वाटच नाही! दादाने नारळ फोडला, गाडीने शिट्टी दिली, टाळ्या पडल्या, विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात दादाची बायको, सरोजिनीवहिनी, बाजारापाशी वाकल्या...

"भावजी, ही कोनाची स्कूटर?"

बिस्किटी रंगाची. डावा आरसा नाही. सीटवर निळं प्लॅस्टिक, आणि मागची नंबरप्लेट केळीच्या सोपटाने, म्हणजे बुंध्याच्या सुक्या सालीने, बांधलेली. आता साऱ्या वसई तालुक्यात नंबरप्लेट सोपटाने बांधणारा माणूस एकच, आणि तो हातात नारळाची कवड घेऊन उभा! आणि स्कूटर उभी कुठे? जिलबीवाल्यासमोर! आणि जिलबीवाल्याच्या बाकावर बशी, बशीत मोहरीएवढ्या जिलब्या, पाकाला चकाकी यावी म्हणून वर नेलपॉलिश!

आता घोटाळा लक्षात घ्या. दादाला साखर. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चाला. म्हणून दादा रोज सकाळी स्कूटर काढतो, "निर्मळच्या तळ्याला फेऱ्या मारून येतो" म्हणतो आणि घाम पुसत परत येतो. वहिनी कौतुकाने कारल्याचा रस पुढे करतात. आणि विलास? विलास रोज सकाळी आगाशीला जाऊन दुकानांचे फोटो काढत होता. प्रत्येक फोटोत ती स्कूटर! याला वाटलं, दुकानाचाच भाग आहे. भावाची स्कूटर आहे हे डोक्यातच आलं नाही हो! डोळे असे आणि डोकं तसं!

"विलास," दादा दात खाऊन म्हणतो, "तुला कोनी सांगितलं होतं?"

"दादा, मी... जे दिसलं तेच केलं."

झालं! आख्खी आळी खाली वाकली. ज्याने त्याने मोबाइलचा टॉर्च काढला. ॲंजेला ओरडते, "रॉबर्ट! अंड्यांच्या गाडीमागे सिगरेट ओढत कोण उभाय? तुझी टोपी आहे ती!" रॉबर्ट म्हणतो, "अगं, टोप्या काय बाजारात मिळत नाहीत?" म्हणतो आणि डोक्यावरची टोपी हळूच खिशात घालतो!

संध्याकाळी दादाचा हुकूम आला. "स्कूटर काढ, नायतर माझ्या माडांतले रूळ काढ." विलास चिमटा घेऊन धावला, तर बाजारापाशी वहिनी पाट टाकून बसलेल्या! "भावजी, स्कूटरला हात लावलात तर बघा." आता वहिनींचं ऐकायलाच हवं, असं का? कारण गाडीची वायर जोडलीय ती वहिनींच्या ओट्यावरच्या प्लगला! जागा दादाची, करंट वहिनींचा! सांगा, माणसाने करायचं काय?

विलासचं जेवणात लक्ष नाही. भातात ताक समजून पाणी ओतलं, तसंच खाल्लं. उठतो, वाडीत जातो, येतो, बसतो, पुन्हा उठतो. उन्नती म्हणाली, "अहो, एका जागी थांबा ना जरा!" आणि विलास ताडकन उभा! एका जागी... थांबायचं कशाला? स्कूटर अलगद सोडवली आणि गाडीला जो उघडा डबा होता ना, त्यात बसवली! दादाला म्हणाला, "बघ, जिलबीवाल्यासमोर उभी नाही." वहिनींना म्हणाला, "बघा, काढलेली नाही." आणि काय सांगू, दादाने रूळ राहू दिले, वहिनींनी प्लग! गाडी बाजारावरून, केळींतून, दादाच्या माडांमधून फिरून परत आली. विलास लहान पोरासारखा हसला, खरंच हसला.

इथे संपायला हवं होतं की नाही? संपलं असतं! पण दादा शहाणा झाला ना. स्कूटर चुगली करते, म्हणून ती घरी ठेवून चालत जायला लागला. त्या चालण्याने साखर उतरली! वहिनींनी आळीत पेढे वाटले, पेढ्याला दादाला हात लावू दिला नाही. सगळं गोड चाललेलं. आणि विलासला काय अवदसा आठवली? तर जिलबीवाल्याने नवीन छप्पर घातलंय, फोटो हवा. गेला. काढला. घरी येऊन मोठा करून बघतो तर पायरीवर चपला. एका चपलेचा अंगठा काळा, दुसरीचा लाल. दादाच्या!

"नका करू हं," उन्नती म्हणाली, "हात जोडते."

नाही केल्या. दुपारपर्यंत नाही केल्या! मग हात शिवशिवायला लागले. ती पायरी रिकामी बघवेना. केल्या. तांदळाच्या कणीएवढ्या. लाल अंगठा ब्रशच्या एका केसाने रंगवला. म्हणाला, "एवढ्याशा कुणाला दिसतायत?"

आज सकाळी वहिनींचा फोन. "भावजी, तुम्हाला जे दिसतं ते आम्हालाही दिसायला नको का? भिंग मागवलंय. उद्या घेऊन येते."

तुम्ही म्हणाल, मग चपला काढून टाक ना बाबा! काढेल कसा? दिसल्या ना त्या त्याला! मग विलास आत्ता काय करतोय? दादाच्या माडांखाली उकिडवा बसून स्वतःच रूळ काढतोय. म्हणतो, उद्या दादा रागाने उपटेल तर वाकतील.